लक्ष आठ सेकंदांचं, तर रात्रभर नाटक कोण पाहते?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत मोबाईलनं माणसाचं लक्ष कसं आटत चाललं यावर पानभर लेख होता. सोबत काचेच्या भांड्यातल्या गोल्डफिशचा मोठा फोटो आणि खाली ठळक अक्षरात लिहिलेलं की माणसाचं लक्ष आता ८ सेकंदच टिकतं, माशाचं ९. तो पेपर आमच्या चौकातल्या पानठेल्यावर दोन दिवस फिरला. जो येईल तो फोटो पाहायचा, आठचा आकडा वाचायचा आणि शाळेतून येणाऱ्या पोट्ट्यांकडे पाहून म्हणायचा, "पाय बावा, यायच्यापेक्षा मासोळी बरी." म्हणणाऱ्याच्या दुसऱ्या हातात त्याचा स्वतःचा फोन, आणि लेख अर्धाही न वाचता पेपर पुढच्याच्या हातात. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मी पण फोटोच पाहिला.

रात्री जेवताना मात्र तो आकडा काही डोक्यातून जाईना. आठ सेकंदांत तर साधा बैल जुंपल्या जात नाही. चहात साखर टाकून ढवळणं होत नाही. माणसाचं लक्ष खरंच एवढ्यावर आलं असतं तर आमच्याकडचे अर्धे लोक मोटारसायकलवरून पडून दवाखान्यात असते, तसे ते नाहीत, म्हणजे काहीतरी गडबड आहे. माझी मोठी मुलगी नागपूरला शिकते, तिला फोन लावला. ती म्हणाली, बाबा थांबा, पाहून सांगते. दोन दिवसांनी तिचा नऊ मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, तो मी पूर्ण ऐकला आणि परत एकदा ऐकला. मासोळी असतो तर एवढं झालं नसतं.

तर तिनं जे शोधलं ते असं. २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडातल्या लोकांनी जाहिरातवाल्यांसाठी एक रिपोर्ट काढला होता, त्यात छापलं की २००० साली माणसाचं लक्ष १२ सेकंद टिकायचं, २०१३ मध्ये ८ वर आलं, आणि गोल्डफिशचं ९. त्यांनी स्वतः दोन हजार लोकांचा सर्व्हे केला होता हे खरं आहे, पण आठचा आकडा त्या सर्व्हेतला नव्हताच, तो आकडे गोळा करणाऱ्या एका वेबसाईटवरून उचललेला होता. मग २०१७ मध्ये बीबीसीच्या माणसानं त्या वेबसाईटनं जिथून जिथून आकडा घेतला म्हणून लिहिलं होतं तिथं तिथं विचारपूस केली, तर असं संशोधन कोणाकडेच सापडलं नाही. आणि गोल्डफिश बिचारी तर उगाच बदनाम, शिकवलं तर तिच्या महिनोन् महिने लक्षात राहतं. म्हणजे एकानं दुसऱ्याचं पाहून छापलं, दुसऱ्यानं तिसऱ्याचं, आणि फिरत फिरत ते आमच्या पानठेल्यावर आलं. अशा बातमीला आमच्याकडे "कोनीतरी म्हनत होता" म्हणतात आणि तिच्यावर कोणी पोरीचं लग्न जमवत नाही.

तुमच्यावर राग नाही संपादक साहेब, पंचवीस वर्षांपासून तुमचा पेपर घरी येतो. पण हा आकडा वाचून आमच्या गावातल्या लोकांनी पोट्ट्यांना मासोळीपेक्षा खालचं ठरवलं ना, म्हणून लिहून राहिलो. कारण मी जे डोळ्यांनी पाहिलं ते वेगळं आहे.

आमचा भाग झाडीपट्टीचा. दिवाळी झाली, धान घरात यायला लागलं की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडई आली की रात्री नाटक आलंच. कुठं शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, असला तर दिवसा पट, रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे इतके की जावयाला झोपायला जागा मिळत नाही. होळीपर्यंत हा सिझन चालतो. गडचिरोली जिल्ह्यात वडश्याला नाटक कंपन्या आहेत, तिथं जाऊन नाटक बुक करायचं, तारीख मिळणं म्हणजे लग्नाचा हॉल मिळण्यासारखं. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, हे साडेसातला सुरू होऊन दहाला घरी पोचवणारं नाटक नव्हे. आमचं नाटक रात्री दहा-साडेदहाला सुरू होतं, उद्घाटनाची भाषणं लांबली (आणि ती लांबतातच, एकदा माईक हातात आला की आमच्या पुढाऱ्यांचं लक्ष अजिबात कमी होत नाही) तर अकरा-साडेअकरा, आणि संपते तेव्हा कोंबडे आरवत असतात. लोक तिकीट काढून बसतात, फुकटात नाही. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी, पाच हजारांवर प्रयोग केले त्यांनी. त्यातल्या प्रत्येक प्रयोगाला समोर माणसं रात्रभर बसली होती हे विसरू नका.

मी आमच्या गावच्या नाटक मंडळात आहे. गेल्या सिझनला मिटिंगमध्ये दोघा-तिघांचं म्हणणं पडलं की आता नाटक तीन तासांचंच ठेवू, आजचे पोट्टे बसत नाहीत, रीलवाले आहेत. बरीच बाचाबाची झाली, शेवटी म्हाताऱ्या लोकांनी ते मोडून काढलं आणि पूर्ण रात्रीचंच नाटक ठरलं. म्हणून मी त्या रात्री मुद्दाम तिकीट खिडकी पुतण्याकडे देऊन मागच्या बाजूला उभा राहिलो, म्हटलं पाहूच कोण बसतं आणि कोण उठतं.

पहिला तासभर काय विचारता. गाणं लागलं, नाचणारी बाई स्टेजवर आली की सगळ्या मैदानात मोबाईल वर, गाणं संपलं की मोबाईल खाली, पुन्हा गाणं, पुन्हा वर. मला वाटलं मिटिंगमधले ते लोक बरोबर होते. लाईटच्या खांबाखाली दोन पोट्टे तर स्टेजकडे पाठ करून रील पाहून राहिले होते. पण जसजशी गोष्ट पुढे सरकली तसतसे मोबाईल खिशात जायला लागले, कोणी सांगितलं नाही, आपोआप. रात्री दोनच्या सुमारास भाऊ बहिणीच्या लग्नासाठी शेत गहाण टाकतो तो प्रवेश आला आणि एवढ्या मोठ्या मैदानात खोकल्याशिवाय आवाज नव्हता. थंडी अशी की दात वाजतात, एका ब्लँकेटात तीन तीन पोट्टे, सोळा-सतरा वर्षांचे, डोळे स्टेजवर. खांबाखालचे ते दोघं कधी येऊन बसले ते मला कळलंच नाही. आणि तुमच्या लेखाच्या हिशोबानं ज्यांचं लक्ष जुन्या काळचं, मजबूत, ते माझ्या वयाचे लोक? अर्धे घोरून राहिले होते. मी स्वतः मोजले, पुढच्या गादीच्या रांगेत सात जण.

तीनला जनरेटर बंद पडलं. डिझेल संपलं होतं, आणायला माणूस गेला तो लवकर येईना. अंधारात प्रॉम्प्टरला वही दिसेना, तर पुढच्या रांगेतल्या तीन पोट्ट्यांनी जाऊन त्याच्या वहीवर मोबाईलचा उजेड धरला, काहींनी स्टेजवर धरला आणि माईकशिवाय एक पूर्ण प्रवेश तसाच झाला. घरी कोणी गेलं नाही.

तुम्ही म्हणाल ही वर्षातली एक रात्र झाली. बरं. मग रोजचं पहा. हेच पोट्टे मोबाईलवर गेम खेळतात तेव्हा चार चार तास हलत नाहीत, माय जेवायला हाक मारून मारून थकते. पोलीस भरतीची तयारी करणारे आमच्या गावात दहा-बारा जण आहेत, पहाटे उठून १६०० मीटर धावतात आणि मग समाजमंदिरात बसून त्याच मोबाईलवर गणिताचे तीन-तीन तासांचे लेक्चर पाहतात, वहीत लिहून काढतात. लक्षच संपलं असतं तर हे कुठून आलं असतं.

आणि आमच्या वेळचं काय फार होतं हो? शाळेच्या खिडकीबाहेर मोहाचं झाड होतं, मोहफुलं पडायच्या दिवसांत आख्खा वर्ग त्या झाडाखाली, शरीरानं बाकावर. गुरुजींचा खडू कपाळावर बसला की परत वर्गात. तेव्हा कोणता मोबाईल होता? आजा सांगायचा की गाडगेबाबा कीर्तन करताना सारखे प्रश्न विचारायचे आणि लोकांकडून मोठ्यानं उत्तर घ्यायचे. एवढ्या मोठ्या माणसालाही लोकांना धरून ठेवायला कष्ट पडत होते. त्याच्याही मागं जा, ज्ञानेश्वर महाराजांनी नववा अध्याय सुरू करताना पहिल्यांदा काय मागितलं, तर श्रोत्यांचं अवधान. सातशे वर्षांपूर्वी, ना वीज ना मोबाईल. त्यांनाही माहीत होतं की समोर बसलेला माणूस समोर असेलच असं नाही.

एवढं सगळं म्हटल्यावर तुम्हाला वाटेल मी मोबाईलचा वकील आहे. तसं नाही. आता माझीच फजिती सांगतो.

मागच्या कार्तिकात धान लोंबीवर आलं होतं, रानडुकरांचा त्रास म्हणून आम्ही पाळीपाळीनं जागल करतो. त्या रात्री माझी पाळी. माळ्यावर बसलो, बॅटरी जवळ, वाजवायला डबा जवळ, सगळं बरोबर. अकराच्या सुमारास म्हटलं पाच मिनिटं मोबाईल पाहू, झोप तरी उडेल. शंकरपटाचा व्हिडिओ होता, एका गावच्या जोडीनं पट मारला तो. तो संपला की खाली दुसरी जोडी, मग तिसरी, मग एक माणूस साप पकडतो, मग कोणीतरी बाई रडते, मग ट्रॅक्टर चिखलात फसला तो कसा काढला. मी कानात वायर घातली होती, म्हटलं आवाजानं डुकरं पळतील तर पळोत पण शेजारच्या माळ्यावरचा झोपमोड म्हणून शिव्या देईल. वर पाहिलं तेव्हा एक वाजून गेला होता आणि माझ्या माळ्यापासून शंभर पावलांवर धानाच्या दोन बांध्या सपाट. डुकरं येऊन, खाऊन, लोळून निघून गेली होती. घरी आल्यावर बायको फक्त एवढंच म्हणाली, "डुकरं तुमचा मोबाईल सुरू हो‍याची वाट पाहून राह्यले अस्तीन." अजूनही पाहुणे आले की ती ही गोष्ट सांगते.

आता मला सांगा, माझं लक्ष कमी होतं का? दोन तास मी डोळे हलवले नाहीत. नाटकातही मी एवढा वेळ न हलता बसलो नव्हतो. लक्ष भरपूर होतं, फक्त ते माझ्या धानावर नव्हतं, आणि ते कुठं जावं हे मी ठरवलं नव्हतं. इटियाडोह धरणाचं पाणी ज्यांच्या शेतात येतं त्यांना हे लगेच कळेल. धरणात पाणी आहे, कालवाही वाहून राहिला, पण वरच्या लोकांनी जागोजागी पाट फोडला की शेवटच्या बांधीत थेंब पोचत नाही. तिथला शेतकरी धरण आटलं म्हणून बोंबलला तर लोक हसतील. पाट कोणी फोडला ते पाहावं लागतं.

मुलीनं त्या व्हॉइस मेसेजमध्ये आणखी एक गोष्ट सांगितली होती. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात ग्लोरिया मार्क नावाच्या बाई आहेत, त्या वीस वर्षांपासून ऑफिसात काम करणारा माणूस एका स्क्रीनवर किती वेळ थांबतो ते मोजतात, आधी मागं बसून घड्याळ लावून, नंतर कॉम्प्युटरवरच नोंद ठेवून. २००४ च्या सुमारास साधारण अडीच मिनिटं थांबायचा, २०१२ च्या आसपास ७५ सेकंद, आणि अलीकडच्या मोजमापात ४७ सेकंद. हा आकडा खरा, प्रत्यक्ष मोजलेला. पण हा डोक्याची ताकद किती ते सांगत नाही, माणूस किती वेळा उड्या मारतो ते सांगतो. त्यातलं मला जास्त पटलं ते हे की जवळपास निम्म्या वेळा दुसरा कोणी अडवत नाही, माणूस स्वतःच स्वतःला अडवतो. फोन वाजला नाही तरी आपण काढून पाहतोच. मी तर नांगर टाकताना खिशाला हात लावून पाहतो.

आणि व्हिएन्नाच्या संशोधकांनी १९९० पासून २०२१ पर्यंतच्या एकाग्रतेच्या चाचण्या एकत्र केल्या, एकच जुनी चाचणी, ३२ देश, एकवीस हजारांवर माणसं. मोठ्या माणसांची एकाग्रता कमी झालेली दिसली नाही, उलट थोडी वाढलेली. पोरांचं मात्र वेगळं निघालं, हात वेगात चालतो पण चुका जास्त होतात. हे ऐकलं आणि मला आमच्या गावचे गुरुजी आठवले, ते नेहमी म्हणतात की आताची पोरं भागाकार माझ्याआधी करतात आणि माझ्याआधीच चुकवतात.

ही उड्या मारायची सवय आपोआप लागली असं मला वाटत नाही. गळ टाकून बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, बसणारा माणूस पाहिला ना तुम्ही, त्याला माहीत असतं की मासा केव्हा लागेल याचा नेम नाही, म्हणूनच तो उठत नाही. दर दहा मिनिटांनी नेमानं मासा लागला असता तर मधल्या वेळात जाऊन चहा पिऊन आला असता. स्किनर नावाच्या शास्त्रज्ञानं कबुतरांवर हेच पाहिलं होतं, दाणा केव्हा पडेल याचा नेम नसला की कबुतर चोच मारत राहतं, थांबतच नाही. मंडईत झंडीमुंडीचा जुगार मांडणाऱ्याला हे शाळेत न जाता माहीत आहे. मोबाईलवाल्यांनी तेच केलं. आधी इंटरनेटवर पान संपायचं, पुढचं पान पाहायला बटण दाबावं लागायचं, तेवढ्यात माणसाला आठवायचं की अरे गॅसवर दूध ठेवलं आहे. २००६ मध्ये ॲझा रास्किन नावाच्या माणसानं न संपणारं पान काढलं, बोट सरकवत राहा, खाली येतच राहतं. नंतर त्यालाच पस्तावा झाला, तसं तो जाहीर बोलला आहे. २०१६ च्या सप्टेंबरपासून आपल्याकडे डेटा स्वस्त झाला. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं तर महिन्याभरात रील्स आले, सप्टेंबरात शॉर्ट्स आले. एक गळ काढला तर दोन टाकले. माळ्यावर त्या रात्री मासा मी होतो, एवढं मला समजलं.

बरं, हा मोबाईल पोट्ट्यांच्या हातात दिला कोणी? २०२० ला शाळा बंद झाल्या तेव्हा सगळ्यांनी सांगितलं स्मार्टफोन घ्या नाहीतर पोरगं मागं पडेल. मी एक गोऱ्हा, म्हणजे तरणा बैल, विकला आणि फोन घेतला. गावात रेंज नाही म्हणून पोरं देवळाच्या ओट्यावर, पाण्याच्या टाकीजवळ, एक तर मांडवावर चढून बसायचं. तेव्हा मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेलं पोरगं पाहिलं की आपण म्हणत होतो, हुशार आहे, अभ्यास करून राहिला. २०२४ चा प्रथम संस्थेचा असर सर्व्हे खेड्यांतलाच आहे, त्यात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन चालवता येतो म्हणून सांगितलं. त्यातल्या ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी वापरला आणि ७६ टक्के मुलांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे आम्ही गोऱ्हा विकला अभ्यासासाठी आणि घरात आलं दुसरंच. यात पोराचा दोष किती आणि आमचा किती, हिशोब तुम्हीच करा.

शिवाय आता मोठ्यांना तरी तो फोन ठेवून देता येतो का? ई-पीक पाहणी फोनवर, केवायसी फोनवर, धान विकायची नोंदणी झाली का ते मेसेजवर, ओटीपी दोन मिनिटांत टाका नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. रोवण्याच्या दिवसांत चिखलात उभा असतो आणि कमरेला पिशवीत फोन, न जाणो कोणता मेसेज येईल. त्यात मधून एक कोणीतरी बँकेतून बोलतो म्हणून फोन करते, आणि एक बाई गाण्याची कॉलरट्यून घ्या म्हणते. दिवसातून वीस वेळा पाट फुटतो आणि संध्याकाळी आपण पोराला म्हणतो, तुझं लक्ष नाही.

बंदी करावी का यावर आमच्या ग्रामसभेत पण एकदा विषय निघाला होता. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं २०२२ मध्ये ठराव केला की १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाईल नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं त्याच वर्षी दुसरं केलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजवायचा आणि दीड तास सगळ्या गावाचे मोबाईल आणि टीव्ही बंद, मोठ्यांचे पण. बांशीच्या लोकांची तळमळ मला समजते, त्यांना नावं ठेवायची नाहीत, पण मला वडगावचं जास्त पटलं. आमच्या ग्रामसभेत मी तेच म्हटलं की पोरांसोबत आपणही बंद करू. तर एक जण म्हणाला, "आमी कायले? आमाले तं कामाचे फोन येते जी." बोलताना त्याच्या खिशातला फोन वाजला, गाणं होतं, तो बाहेर गेला आणि सभा संपेपर्यंत आला नाही. ठराव झाला नाही. मग आम्ही आमच्या घरापुरतं केलं. जेवताना सगळ्यांचे फोन धानाच्या कोठीवर, माझा पण. पहिले चार दिवस कोणी बोललंच नाही, नुसता ताटांचा आवाज, मला वाटलं आपण घरात काही मयत झाल्यासारखे जेवून राहिलो. पाचव्या दिवशी पुतण्यानं शाळेतलं एक भांडण सांगितलं, ते एवढं लांबलं की भात थंड झाला. आता होतं बरं. कधी कधी मीच मोडतो, पावसाचा अंदाज पाहतो म्हणून, तर नातू बोट दाखवतो.

आता थोडं तुमच्याबद्दल, रागावू नका. पंचवीस वर्षांपूर्वी तुमच्या पेपरात धानावरच्या तुडतुडा किडीवर आख्खं पान यायचं, ते मी कापून ठेवलेलं आहे, अजून ट्रंकेत आहे. आता त्याच विषयावर चार ओळींची चौकट येते आणि बाजूला तो काळा-पांढरा ठिपक्यांचा चौकोन, स्कॅन करा म्हणे. म्हणजे पेपर वाचता वाचता तुम्हीच मला मोबाईल उचलायला सांगता. उचलला की तुडतुड्याची माहिती राहते बाजूला आणि मी ट्रॅक्टर चिखलातून काढून राहिलो असतो. वाचकांना लांब वाचवत नाही असं तुमच्या माणसांना वाटत असेल, आमच्या मंडळातल्या त्या दोघा-तिघांनाही असंच वाटत होतं. एकदा पुन्हा पूर्ण पान छापून पाहा की.

तुमच्या पत्रांच्या कॉलमाखाली पत्र २०० शब्दांत पाठवा असं लिहिलेलं असते ते मला माहीत आहे, हे त्याच्या दहापट तरी झालं असेल. कापावंच लागलं तर गळ आणि कबुतराचं कापा, नाटकाचं राहू द्या. डुकरांचं ठेवा की काढा ते तुम्ही ठरवा, बायको ते तसंही सगळ्यांना सांगतेच. आणि गोल्डफिशचा फोटो पुन्हा छापू नका.

यंदाच्या मंडईचं नाटक बुक झालं आहे, तारीख पक्की झाली की कळवतो. या तुम्ही, तो लेख लिहिणाऱ्या साहेबांनाही आणा. गादीचं तिकीट माझ्याकडून, घोंगडी आणि भात-वांग्याची सोय घरी आहे. डिझेल या वेळी दोन कॅन जास्तीचं आणून ठेवतो.

आपला,
एक जुना वाचक आणि धान उत्पादक,
ता. लाखांदूर, जि. भंडारा